मुंबईच्या दमट हवेत पुरुषाने कोणता सुगंध केव्हा लावावा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमचे वय ३४, राहणे ठाण्याला. सकाळची लोकल पकडून तुम्ही लोअर परळला जाता आणि संध्याकाळपर्यंत वातानुकूलित कार्यालयात बसता. वर्षभरात तुम्ही तीन परफ्यूम घेतलेत: एक तिखट-ताजा आणि सध्या सगळीकडे वापरला जाणारा, दुसरा व्हॅनिला-तंबाखूचा गोड आणि जड, तिसरा जुन्या वळणाचा समुद्री. पहिल्याचा वास वीस मिनिटांत उडून जातो असे वाटल्याने तुम्ही आठ-आठ फवारे मारू लागलात, आणि तरीही शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंनी त्या वासाने डोके दुखते असे तुम्हाला सांगितले. बाटली बनावट आहे का, आणखी एखादी घ्यावी का, कोणती केव्हा लावावी आणि डिसेंबरात नाशिकला होणाऱ्या बहिणीच्या लग्नात काय लावावे, एवढे तुम्हाला हवे आहे. मी पुण्यात २४ वर्षे अत्तरे आणि परफ्यूम विकतो आहे. त्या अनुभवावरून आणि स्वतःच्या नाकाला जे जाणवले त्यावरून लिहितो. एखादा सुगंध आवडणे न आवडणे ज्याचे त्याचे असते, पण हवा, घाम आणि नाकाची सवय या तीन गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागू होतात आणि माझा सगळा भर त्यांच्यावर आहे.

पहिली बाटली बनावट असेल असे मला तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. तो सुगंध मुख्यतः अँब्रॉक्सन नावाच्या द्रव्यावर उभा आहे. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा अंबर हा पदार्थ पूर्वी सुगंधात वापरत असत. कोकण किनाऱ्यावर ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो तोच हा पदार्थ, आणि त्याचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अँब्रॉक्सन त्या वासाची जागा घेते. क्लॅरी सेज या वनस्पतीतून मिळणाऱ्या एका द्रव्यापासून ते बनवता येते, ते अतिशय सावकाश उडते आणि शर्टावर दुसऱ्या दिवशीही शाबूत असते. अडचण वासात नसून नाकात आहे. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला काही मिनिटांनी फोडणीचा वास येईनासा होतो आणि बाहेरून येणाऱ्याला मात्र तो जिन्यातच येतो, तसेच हे आहे. शिवाय अशी काही जड द्रव्ये काही लोकांना मुळातच कमी जाणवतात. तुम्हाला वास येत नाही म्हणून तुम्ही फवारे वाढवलेत, आणि तुमच्या शेजारच्या बाईंना आठही फवाऱ्यांचा वास दिवसभर येत राहिला.

याची खात्री करून घेण्याची एक साधी रीत मी दुकानात सगळ्यांना सांगतो. संध्याकाळी घरी गेल्यावर अंगातला शर्ट खोलीत टांगून ठेवा, आंघोळ करा, अर्धा तास मोकळ्या हवेत फिरून या आणि मग त्या खोलीचे दार उघडा. दारातच वास आला तर तो दिवसभर तुमच्याबरोबर होता असे समजावे. नंतर तो परफ्यूम आठ-दहा दिवस बाजूला ठेवा आणि पुन्हा सुरू कराल तेव्हा दोनच फवारे मारा, तेही शर्टाच्या आत, छातीवर. माझ्याकडे ‘टिकत नाही’ म्हणून परत आलेल्या बाटल्यांपैकी बऱ्याच बाटल्यांचा प्रश्न एवढ्यावर सुटलेला आहे.

आता हवेकडे येतो. त्वचेच्या उबेने सुगंध उडतो. लिंबू, बर्गमॉट हे लिंबूवर्गीय फळ, संत्र्याची साल यांचे हलके रेणू पहिल्या काही मिनिटांत निघून जातात, लव्हेंडर, मसाले आणि फुले त्यानंतर तास-दोन तास राहतात, आणि चंदन, वाळा, व्हॅनिला, कस्तुरीसदृश द्रव्ये शेवटपर्यंत मागे उरतात. उन्हाळ्यात हे सगळेच वेगाने होते. मे महिन्यातल्या ठाण्याच्या फलाटावर लिंबाचा ताजेपणा गाडी यायच्या आत संपलेला असतो आणि खालचा जड, गोड थर अपेक्षेपेक्षा लवकर आणि जास्त जोराने वर येतो. त्यातच दमट हवेत घाम वाळत नाही आणि परफ्यूम घामात मिसळून एक तिसराच वास तयार होतो. वातानुकूलित कार्यालयात याच्या उलट घडते. हवा थंड आणि कोरडी असल्याने सुगंध हळू उडतो, पण तीच तीच हवा फिरत राहते आणि उडालेला वास खोलीबाहेर जात नाही. म्हणून तुमच्या दिवसाचे दोन वेगळे भाग आहेत, आणि सकाळी लावलेल्या एकाच सुगंधाला त्या दोन्हींत शोभावे लागते.

परदेशी चित्रफितींमधला सल्ला इथे सगळ्यात जास्त फसवतो. ऑक्टोबर लागला की मसाल्याचे आणि व्हॅनिलाचे परफ्यूम बाहेर काढा असे ते सांगतात, कारण त्यांच्याकडे तेव्हा पानगळ सुरू झालेली असते. आपल्याकडचा ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळा. हवेचा विचार न करता सुगंध लावल्याचा परिणाम मी स्वतः अनुभवलेला आहे. धंद्यात नवा असताना, मे महिन्यात चिपळूणला एका लग्नाला जाताना मी कॉफी आणि चॉकलेटच्या वळणाचा एक परफ्यूम भरपूर लावून गेलो होतो. दुकानातल्या थंडाव्यात तो मला अप्रतिम वाटला होता. मांडवात पंगतीला बसलो तेव्हा तो गोडवा घामाबरोबर इतका आंबूस झाला की पानातल्या मठ्ठ्याचा आणि अळूच्या भाजीचाही वास मला येईना. शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी काही न बोलता आपला पाट थोडा बाजूला सरकवला. तेव्हापासून ग्राहकाने बाटली उचलली की मी पहिला प्रश्न विचारतो तो ही लावून कुठे जाणार, हा.

सकाळच्या लोकलसाठी आणि कार्यालयासाठी मी सर्वप्रथम कोलोनच्या घराण्याकडे पाहतो. फरिना कुटुंबाने जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली सुरू केलेला व्यवसाय या घराण्याचे मूळ समजला जातो. लिंबूवर्गीय साली, संत्र्याच्या फुलांचा अर्क आणि रोझमेरीसारख्या पाल्याचा वास, एवढाच त्याचा जीव. ते अर्ध्या तासापेक्षा फार टिकत नाही ही तक्रार खरी आहे, पण आंघोळीनंतर अंग पुसून हातभर कोलोन लावण्यात जो थंडावा आहे तो एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या कशात नाही, आणि गाडीच्या गर्दीत त्याचा कोणाला त्रास होत नाही. ताजेपणा हवा आणि तो दुपारपर्यंत टिकायलाही हवा, तर माझी पहिली पसंती दिओरच्या ‘ओ सोव्हाज’ला आहे. एदमाँ रूदनित्स्का याने तो १९६६ साली बांधला, आणि त्यात हेडिओन नावाचे द्रव्य वापरले. हेडिओनला चमेलीच्या जवळचा एक वास आहे, पण फुलाच्या गोडपणापेक्षा फुलाभोवतीची हवाच त्यात जास्त जाणवते. लिंबाची चव जिभेवर आल्यासारखी होते, मग तुळशीच्या कुळातल्या पाल्याची एक हिरवी झुळूक येते आणि शेवटी दगडफुलाची कोरडी, किंचित कडवट ओल मागे राहते. दगडफूल हा शब्द मी उपमा म्हणून वापरत नाही. फ्रेंच सुगंधात ज्याला ओकमॉस म्हणतात ते झाडावर वाढणारे शैवाकच आहे, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या नात्यातले. त्यातली काही द्रव्ये त्वचेला त्रास देतात म्हणून युरोपात त्यांवर बंधने आली आणि त्यामुळे जुने अनेक सुगंध आज थोडे बदललेले आहेत. पूर्वीची बाटली आठवणारे गिऱ्हाईक ‘हा तो नव्हे’ म्हणते, तेव्हा त्याचे नाक त्याला फसवत नसते.

समुद्री वळणाच्या सुगंधांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. दाविदॉफचा ‘कूल वॉटर’ १९८८ साली आला, प्येर बूर्दाँ याच्या हातचा. त्यानंतर १९९६ साली अरमानीचा ‘आक्वा दी जो’ आला आणि जगभरच्या पुरुषांना पाण्याचा वास आवडू लागला. ‘कूल वॉटर’मध्ये लव्हेंडर, पुदिना आणि डायहायड्रोमिर्सेनॉल हे स्वच्छ, थंड वासाचे द्रव्य आहे. साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरींतही ते भरपूर वापरले जाते, म्हणून हा सुगंध धुतलेल्या शर्टासारखा वाटतो. हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही. कार्यालयात स्वच्छ शर्टासारखा वास येणे ही फार सभ्य गोष्ट आहे. ‘आक्वा दी जो’मध्ये मला समुद्रापेक्षा समुद्रकाठी बसून सोललेल्या पपनसाचा भास होतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तो फारच चांगला वागतो. मात्र खाऱ्या हवेतच राहणाऱ्या माणसाला या घराण्याचा कंटाळा लवकर येतो असे मी पाहिले आहे. अलिबाग-मुरुडकडून येणारी माझी गिऱ्हाइके समुद्री सुगंध क्वचितच घेतात. पुण्या-सोलापूरची मंडळी हौसेने घेतात. तुमची तिसरी बाटली याच कुळातली आहे, तिला रोजची करा. छातीवर एक, मानेच्या मागे एक, एवढे दोन फवारे लोअर परळपर्यंत आणि तिथून पुढे दुपारच्या डब्यापर्यंत पुरतात.

लव्हेंडरचा उल्लेख आला तेव्हा फुजेर घराण्याविषयी दोन शब्द सांगतो, कारण पुरुषांच्या सुगंधांचा अर्धा इतिहास त्यात आहे. उबिगाँ या फ्रेंच घराण्यासाठी पॉल पार्के याने १८८२ साली ‘फुजेर रोयाल’ बांधला. फुजेर म्हणजे नेचा. नेच्याला म्हणावा असा वास नसतो, तेव्हा तो वास कल्पनेनेच उभा केला गेला. त्यात कुमारिन हे द्रव्य आहे, कापून उन्हात पसरलेल्या गवताला येतो तसा गोडसर, उबदार वास असलेले. विल्यम पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने ते १८६८ साली प्रयोगशाळेत तयार केले होते. लव्हेंडर, कुमारिन आणि शैवाक या तिघांची जोडणी म्हणजे न्हाव्याच्या दुकानाचा वास. पुढे १९७३ साली पाको राबानचा ‘पुर ओम’ आणि १९८२ साली ‘द्राकार नुआर’ याच वाटेने आले. आपल्या वडिलांच्या पिढीला दाढीनंतरचे ओल्ड स्पाइस ठाऊक होते. पांढरी बाटली, तिच्यावरचे शिडाचे जहाज, आणि उघडताच लवंग-दालचिनीची झणझणीत ऊब. माझ्या वडिलांची रविवारची सकाळ मला अजून त्या वासानेच आठवते. ते स्वस्त होते म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याची बांधणी पक्की आहे, आणि गार सकाळी आजही ते एखाद्या महागड्या बाटलीइतकेच शोभून दिसते.

एकच नवी बाटली घ्यायची तुम्हाला इच्छा असेल, तर ती वाळ्याची घ्या. वाळा म्हणजे खस. माठात वाळ्याची जुडी टाकून थंड केलेले पाणी प्यायलेल्या कोणालाही तो वास शिकवावा लागत नाही. ओल्या मातीचा, मुळांचा, किंचित धुरकट आणि तरी थंड असा हा एकच वास मला माहीत आहे जो उकाड्यात, पावसात आणि थंडीतही खपून जातो. घामात मिसळला तरी तो बिघडत नाही. दोन्ही मातकट वळणाचे असल्याने ते एकमेकांत जिरतात, असे मला अनुभवाने वाटते. एर्मेसचा ‘तेर द’एर्मेस’ हा २००६ सालचा, जाँ-क्लोद एलेना याचा. त्याची सुरुवात संत्र्याच्या सालीने होते. नागपुरी संत्रे सोलताना सालीतून तेलाचा बारीक फवारा बोटांवर उडतो, त्यातला गोडवा काढून घेतला आणि कडवटपणा तेवढा ठेवला, तर जो वास उरेल तो हा. मग दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर ठिणगीबरोबर जसा करपट, कोरडा वास येतो तसा काही क्षण येतो आणि शेवटी वाळा आणि लाकूड राहते. पस्तिशीच्या आसपासच्या, फार न बोलणाऱ्या माणसाला तो फार शोभतो. लालिकचा ‘आँक्र नुआर’ही २००६ सालचाच, पण त्यातला वाळा काळोखा आहे. पावसाळ्यात कौलारू घराच्या पडवीत ठेवलेल्या ओल्या सरपणाची आठवण करून देणारा. तो संध्याकाळी, एकट्याने फिरायला जाताना लावावा. सकाळच्या बैठकीत तो उगाच गंभीर वाटतो. फ्रेंच बाटलीइतके पैसे घालायचे नसतील तर कनौजचे खसचे अत्तर आणा आणि त्याचा एक थेंब दोन्ही मनगटांना लावा. काम तेच होते.

कनौजच्या कामाची रीत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तांब्याच्या मोठ्या देगेत फुले किंवा मुळ्या पाण्यासह घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात, खाली मंद जाळ ठेवतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या सुरईसारख्या भांड्यात नेतात. भपका पाण्यात ठेवलेला असतो आणि त्याच्या तळाशी चंदनाचे तेल असते. वाफ गार होऊन त्या तेलात आपला वास सोडते. पावसाळ्यासाठी मिळणारे मिट्टीचे अत्तरही असेच होते, फक्त देगेत फुलांऐवजी भाजलेल्या मातीच्या चकत्या पडतात. पहिल्या पावसाच्या या वासाला पेट्रिकोर हे नाव १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दिले. कनौजचे कारागीर तो वास चंदनतेलात उतरवतात. विकत घेताना एकच गोष्ट विचारा: तेल चंदनाचे आहे की पॅराफिनचे, म्हणजे खनिज तेल. चंदन महाग झाल्यापासून पॅराफिनवर बनवलेली अत्तरे पुष्कळ विकली जातात. ती वाईट असतातच असे नाही, पण ती चंदनाच्या भावात घेऊ नयेत.

जून ते सप्टेंबर या काळात मी स्वतः मिट्टी किंवा खस सोडून फारसे काही लावत नाही. ओलसर कपड्यांवर गोड परफ्यूम कुबट वाटतो आणि समुद्री परफ्यूम कपडे नीट न वाळल्यासारखा. याला एक अपवाद आहे. एलेना यानेच २००८ साली केरळच्या पावसाच्या आठवणीवर ‘अँ जार्दँ आप्रे ला मूसाँ’ बांधला. स्त्री-पुरुष दोघांनीही लावावा असा तो आहे. आले, वेलची, धणे, मिरी आणि मध्येच एक पाणीदार फळ. ते फळ म्हणजे माझ्या मते चिबूड. कोकणात श्रावणात चिबूड कापल्यावर घरभर जो थंड, फिका गोडवा पसरतो तो मला या बाटलीत पहिल्या दिवसापासून सापडला. तो दीड-दोन तासांत विरतो, पण तेवढा वेळ फार सुखाचा असतो.

आता तुमची दुसरी बाटली, व्हॅनिला आणि तंबाखूची. ती वाईट नाही, तिची वेळ वेगळी आहे. मुंबई-ठाण्यात डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या संध्याकाळी, पुण्या-नाशिकला नोव्हेंबर ते फेब्रुवारीपर्यंतच्या रात्री, आणि महाबळेश्वरला कधीही. या घराण्यात झाँ पॉल गोतियेचा ‘ल माल’ हा १९९५ सालचा, फ्रान्सिस कुर्कजियाँ याने तरुण वयात बांधलेला सुगंध मला अजून आवडतो. पुदिना आणि लव्हेंडरची थंडी व्हॅनिलाच्या उबेवर अशी बसवली आहे की दोन्ही एकाच वेळी जाणवतात. मात्र जेवणाच्या टेबलावर गोड सुगंध टाळावेत. अन्नाच्या वासात ते लुडबुड करतात आणि यजमानांनी मनापासून केलेल्या स्वयंपाकाचा तो अवमान होतो. ऊद हा बुरशी लागलेल्या अगरूच्या झाडातला राळयुक्त गाभा. आसामात आणि आखाती देशांत त्याची मोठी परंपरा आहे, आणि २००२ सालच्या इव्ह सँ लोराँच्या ‘एम ७’पासून पाश्चात्त्य पुरुषांच्या बाटल्यांतही तो दिसू लागला. खरा ऊद इतका जोरकस असतो की एक थेंब चौघांत पुरतो. कार्यालयात तो नकोच.

काही ठिकाणी काहीच लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णालयात कोणाला भेटायला जाताना, मयताला आणि दहाव्याला, लहान बाळ बघायला जाताना, दम्याच्या किंवा अर्धशिशीच्या माणसाजवळ बसायचे असेल तेव्हा. नोकरीच्या मुलाखतीला साबणाच्या स्वच्छ वासापलीकडे जाऊ नये. समोरच्याला कोणता वास नकोसा वाटतो हे आपल्याला ठाऊक नसते. तुमच्या सहकारी बाईंनी तक्रार तोंडावर केली हे चांगलेच झाले. त्यांना एकदा विचारा की दोन फवाऱ्यांवर आता बरे वाटते का. नाही म्हणाल्या तर तो परफ्यूम कार्यालयाबाहेर ठेवा. बाकीच्या दोन बाटल्यांनी तुमचे काही अडत नाही.

लावण्याची रीत थोडक्यात सांगतो. घामावर परफ्यूम कधीही मारू नये, आधी आंघोळ करून अंग कोरडे करावे. रुक्ष त्वचेवर सुगंध कमी टिकतो, म्हणून बिनवासाचे मलम किंवा खोबरेल तेलाचा अगदी पुसटसा हात आधी लावावा. मनगटे एकमेकांवर रगडू नयेत, घर्षणाच्या उबेने वरचा ताजा थर लवकर जातो. एक फवारा साधारण ०.१ मिलिलिटरचा असतो, म्हणजे १०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे १००० फवारे. रोज आठऐवजी दोन मारले तर तीच बाटली चौपट दिवस पुरेल. बाटलीवरचे शब्द सुगंधी द्रव्याचे प्रमाण सांगतात: कोलोनमध्ये साधारण २ ते ५ टक्के, ओ द तुआलेतमध्ये ५ ते १५, ओ द पार्फममध्ये १५ ते २०. हे प्रमाण प्रत्येक घराणे आपापल्या पद्धतीने ठरवते, त्यामुळे त्यावरून टिकाऊपणाची हमी धरू नये. बर्गमॉटचे नैसर्गिक तेल असलेला सुगंध मानेला लावून कडक उन्हात उभे राहिल्यास काहींच्या त्वचेवर काळे डाग उठतात, म्हणून दिवसा तो कपड्याच्या आत लावलेला बरा. बाटल्या न्हाणीघरात ठेवू नका. तिथली गरम वाफ आणि दिवसातून अनेकदा बदलणारी उष्णता त्यांना सोसत नाही. कपड्यांच्या बंद कपाटात, खोक्यात, उभ्या ठेवा.

पुढची खरेदी करताना कागदाच्या पट्टीवर नापसंत ठरलेले तेवढे बाजूला करावे. पसंती द्यायची ती त्वचेवर लावून, आणि त्याच दिवशी नाही. एका हातावर एक, दुसऱ्या हातावर दुसरा, एवढेच लावा आणि दुकानाबाहेर पडा. रस्त्यावर, गाडीत, घरी जेवताना, चार तासांनी त्याचा वास कसा येतो ते पाहा आणि मग ठरवा. वास घेऊन घेऊन नाक थकले तर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा, काहीही न लावलेल्या त्वचेचा वास घ्या; दुकानांत ठेवलेल्या कॉफीच्या बियांपेक्षा मला तो उपाय जास्त पटतो.

नाशिकच्या लग्नाकडे येतो. डिसेंबरात तिथे पहाटे चांगलीच थंडी असते, दुपारी ऊन लागते आणि रात्री पुन्हा गारठा. सकाळच्या विधींना तुम्ही घरचे असणार, होमाच्या धुराजवळ आणि मोगरा-शेवंतीच्या हारांत वावरणार. तिथे फ्रेंच परफ्यूम त्या वासांशी भांडतो. हिना किंवा शमामा या नावाने मिळणारे जटामांसी, नागरमोथा, लवंग, वेलची यांचे अत्तर घ्या, कापसाचा लहानसा फाया त्यात भिजवून कानाच्या पाळीमागे ठेवा आणि सदऱ्याला काही लावू नका, कारण या अत्तराचा डाग पांढऱ्या कापडावरून निघत नाही. एक जास्तीची कुपी खिशात असू द्या, वडीलधारी मंडळी ती बघून आपणहून हात पुढे करतात आणि त्यांच्या तळहाताच्या मागे एक थेंब लावण्याचा मान तुम्हाला मिळतो. संध्याकाळी स्वागतसमारंभाला कपडे बदलताना हात-मान कोमट पाण्याने धुऊन घ्या आणि मग ती व्हॅनिला-तंबाखूची बाटली बाहेर काढा. निघण्याच्या अर्धा तास आधी, उघड्या छातीवर एक फवारा आणि मानेच्या मागे एक. आत अंगरखा, त्यावर जाकीट, बाहेर नाशिकची थंडी, अशा वेळी तो सुगंध तुम्ही कोणाला वाकून नमस्कार कराल किंवा बहिणीला जवळ घ्याल तेवढ्याच अंतरावर जाणवेल.